दार मोजायचं राहून गेलं

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कपाट आहे. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, गेली काही वर्षं मी एक भिंतही आहे. एकीकडे कपडे सांभाळायचे, दुसरीकडे एका खोलीच्या दोन खोल्या करून दाखवायच्या. माणसाला अशी दोन कामं दिली तर तो निदान कुरकुर तरी करतो. मी कुरकुरलो की लोक बिजागरीत तेल घालतात.

माझा जन्म याच खोलीत झाला. बाकीची कपाटं दुकानात जन्मतात आणि हमालांच्या खांद्यावर बसून वाजतगाजत सासरी जातात. मी माहेरी जन्मलो आणि माहेरीच म्हातारा झालो. त्याला कारण माझ्या बापाची एक चूक. तीच आज सांगायला बसलो आहे.

माझा बाप सुतार. कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी आणि तोंडात सतत कसली तरी गुणगुण. त्याची धाकटी लेक या मोठ्या शहरात टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला लागली होती. ह्याची तार त्याला आणि त्याची तार ह्याला जोडून द्यायची, असं तिचं काम. राहायला तिनं दोन मैत्रिणींबरोबर तिसऱ्या मजल्यावर हे बिऱ्हाड भाड्यानं घेतलं होतं. मुख्य दारातून आत आलं की स्वयंपाकघर, त्याला लागून एक चिमुकली खोली, आणि पलीकडे ही लांबलचक मोठी खोली. मोठ्या खोलीला दारं दोन. एक स्वयंपाकघरात उघडणारं आणि एक बाजूच्या भिंतीत, स्वयंपाकघरातून मागे जाणाऱ्या अरुंद बोळात उघडणारं.

लेकीचे कपडे खाटेखालच्या पेटीत चुरगळून पडलेले बापानं पाहिले आणि त्याच्या जिवाला लागलं. "अख्ख्या गावाला कपाटं करून दिली, आणि माझीच लेक पेटीतून कपडे उपसते?" असं म्हणून तो फळ्यांचा भारा घेऊन आला. आठ दिवस या खोलीत रंधा चालला. भुशात पाय बुडायचे. बापानं टोकाची भिंत मोजली, एकदा नाही, तीनदा. छत मोजलं. लेकीचा सर्वांत लांब झगा मोजला. भिंत भरून, छताला वीतभर उरेल एवढा उंच, तीन खणांचा मी उभा राहिलो. वर व्हार्निशचा हात फिरला, आणि मी असा झळकलो की मैत्रिणी माझ्यात बघून भांग पाडू लागल्या.

नवव्या दिवशी घरमालक बघायला आले. मिशीला पीळ देत त्यांनी मला पुढून पाहिलं, कडेनं पाहिलं, दारं उघडझाप केली.

"काम फर्मास आहे हो," ते म्हणाले. "पण हे बाहेर कसं न्यायचं?"

बापानं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. उभा मी दारापेक्षा हातभर उंच. आडवा करावा तर वरचं छत आडवं येणार. बापाच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

"न्यायचंय कशाला?" बाप घसा खाकरून म्हणाला. "चोराला नेता येऊ नये म्हणूनच तसं केलंय!"

घरमालक गेले, आणि लेकीनं ओठ घट्ट दाबून ठेवलेलं हसू एकदम फुटलं. त्या दिवसापासून ती मला पुसताना दोन ओळी गुणगुणायची. घरात कुणी नसलं की आजही गुणगुणते.

बापानं मोजली भिंत, बापानं मोजलं छत,
दार मोजाया चुकला, लेक हसते गालात.

गावी परतण्याआधी, लेक भाजी आणायला खाली उतरली असताना, बापानं माझी मधल्या खणातली फळी काढली, तिच्या खालच्या अंगावर पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि ती गुपचूप जागेवर बसवली. काय खरडलं ते मला ठाऊक होतं. पण कपाटानं पोटातलं ओठांवर आणायचं नसतं. वेळ आली की सांगेन.

पुढे तीन वर्षांनी घरमालकांना आपल्या धाकट्या भावासाठी बिऱ्हाड हवं झालं. मैत्रिणी तोवर लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या होत्या. एकट्या लेकीला त्यांनी महिन्याची मुदत दिली. ती बिचारी पेटी भरून तयार बसली. मला न्यायला चार हमाल आले. त्यांनी मला उभा ढकलला, तिरका करून पाहिला, कुशीवर कलवायला गेले तर छताला अडलो. मी दारापाशी जायचो आणि थबकायचो.

"मालक, एकतर कपाट फोडा, नाहीतर चौकट फोडा," हमाल घाम पुसत म्हणाले.

चौकट सागवानी होती. मालकांच्या वडिलांनी बसवलेली. फोडायची म्हणताच मालकांचा चेहरा असा झाला, जसा काही त्यांचाच दात उपटायचा आहे. आणि मला फोडायचं म्हणताच लेक माझ्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. दुपारपर्यंत वाद चालला. शेवटी मालक म्हणाले, "राहा बाई, राहा. तुझं कपाट निघत नाही म्हणजे तूही निघत नाहीस." भाऊ दुसरीकडे गेला. लेक राहिली, आणि कालांतरानं तिनं हे बिऱ्हाडच विकत घेतलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस. दर वर्षी मला पॉलिश व्हायचं. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे, मग चहा मिळायचा. पण कौतुक हे नव्या व्हार्निशसारखं असतं, त्याला वास येतो तोवरच ते नवं. लेकीचे केस पांढरे झाले, गुडघे बोलू लागले, ती निवृत्त झाली. आता सगळे तिला मावशी म्हणायला लागले होते. ती चिमुकल्या खोलीत झोपायला गेली, तिथे एक पत्र्याचं कपाट आलं, आणि माझ्या पोटात राहिल्या डांबराच्या गोळ्या आणि टेलिफोनच्या जुन्या जाडजूड डिरेक्टऱ्या. पाच-सहा वर्षं माझं दार कुणी उघडलं नाही. आत सगळ्या शहराचे नंबर आणि बोलायला कुणी नाही, अशी माझी गत.

मग भाचा आला.

हा मावशीचा खराखुरा भाचा. लोकांना भाड्याच्या जागा दाखवायचा त्याचा धंदा. कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्याला दोन खोल्या दिसायच्या.

"मावशी, शहर विद्यार्थ्यांनी ओसंडून वाहतंय, आणि तू इथे एवढी खोली डांबराच्या गोळ्यांना देऊन बसलीयेस? दोन दारं आहेत, दोन खिडक्या आहेत. मधोमध भिंत घातली की झालं!"

"भिंत घालायला गवंडी, विटा, धूळ... माझ्यानं व्हायचं नाही रे बाबा."

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. मी टोकाच्या भिंतीला चिकटून, या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला. त्याचे डोळे चमकले. त्यानं माझ्या पायांखाली साबणाचं पाणी ओतलं, चार माणसं लावली आणि मला सरळ पुढे सरकवत खोलीच्या मधोमध आणून उभं केलं. दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली, तिच्यात पट्ट्या ठोकल्या. झाली भिंत!

आता पाठीमागच्या खोलीला कपाट नाही. म्हणून एक तरुण सुतार आला. त्यानं माझी पाठ कापून तिला दारं बसवली, आणि पोटात मधोमध प्लायवूडचा एक पातळ पडदा स्क्रूनं ठोकला. पुढून उघडा, कपाट. मागून उघडा, तरी कपाट. आयुष्यात कधीतरी जगाकडे पाठ फिरवून उभं राहावं असं कुणाला वाटत नाही? मला ती सोयच उरली नाही.

मावशीनं माझ्या दोन्ही तोंडांवर नियमांचा कागद चिकटवला. बाहेरचं कुणी आत नको. गीझर पाच मिनिटं. ओला टॉवेल कपाटावर टाकू नये. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, 'दार हळू लावावे. कपाट माझ्या वडिलांनी केले आहे.'

कितीतरी विद्यार्थी आले नि गेले. एकानं माझ्या पोटात कांदे ठेवले, एकीनं दारावर अभ्यासाचं वेळापत्रक लावलं आणि ते एकदाही पाळलं नाही. पण खरी गंमत आली त्या दोघींच्या वेळी.

स्वयंपाकघराच्या बाजूला राहायला आली ती भूगर्भशास्त्र शिकत होती. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या फळ्यांवर कपडे ठेवलेच नाहीत. दगड ठेवले. काळे, तांबूस, चकचकीत, भोकाभोकांचे, प्रत्येकाला कागदी चिठ्ठी. कपडे खुर्चीवर. बोळाच्या बाजूला आली ती संगीत महाविद्यालयात क्लॅरिनेट शिकत होती. ती सकाळी सहाला सूर लावायची. एकच सूर, लांबच लांब, चहा उतू जाईपर्यंत.

तिसऱ्याच दिवशी माझ्या पोटातून पहिली तोफ उडाली.

"ए पिपाणी! तुझ्या त्या पिपाणीचा गळा बसला की काय? सारखं तेच तेच वाजतंय!"

"पिपाणी नाही, क्लॅरिनेट आहे ते! आणि तू आधी तुझे धोंडे आवर. पडद्याला फुगा आलाय इकडे. माझे सगळे शर्ट चपटे झालेत, दगडूबाई!"

झालं. बारसं झालं. त्या दिवसापासून एक पिपाणी आणि एक दगडूबाई. एकीनं सूर धरला की दुसरी दगड आपटायची. दुसरीनं दगड घासायला घेतले की पहिली आणखी उंच सूर लावायची. मला आधी वाटायचं, भिंत असणं म्हणजे नुसतं उभं राहणं. आता कळलं, भिंत म्हणजे दोन्हीकडून गुद्दे खाणारी पाठ.

मावशीनं मध्यस्थी करून पाहिली. सगळा जन्म तिनं लोकांच्या तारा जोडून देण्यात घालवला होता. ती माझ्या कडेला खुर्ची टाकून बसायची. "पिपाणी, बोल. दगडू, ऐक. आता दगडू, तू बोल."

"मावशी, हिला सांगा, सकाळी सहाला कोंबडासुद्धा एकदाच आरवतो!"

"मावशी, हिला सांगा, दगड ऐकून ऐकून हिचे कान दगडाचे झालेत!"

"लाइन कटली," असं म्हणून मावशी उठायची.

एक दिवस गुडघे चोळत ती भाच्याला म्हणाली, "हे भांडण ऐकून माझं डोकं उठलंय रे. एकदाची पक्की भिंत घालून टाक."

भाचा याच शब्दांची वाट बघत होता. "भिंत घालतो. आणि विद्यार्थी बास झाले मावशी. नोकरदार माणसं बघतो, दिवसभर घरात नसतात. ह्या दोघींना परीक्षा झाली की निघायला सांगू."

"आणि माझं कपाट?"

भाचा डोकं खाजवत म्हणाला, "ते... कापावं लागेल गं. दारातून निघत नाही ना."

मावशीनं माझ्या दारावरून हात फिरवला आणि ती चहा करायला गेली. तो चहा तिनं प्यायलाच नाही. भिंत उठायची तर मी तुकडे तुकडे होऊनच बाहेर जाणार होतो. बापानं चोरांपासून वाचवलं, पण भाच्यापासून कोण वाचवणार?

इकडे दोघींना निरोप मिळाला आणि दोघी खोली शोधायला बाहेर पडल्या. आधी वेगवेगळ्या. मग एका जागेच्या जिन्यावर समोरासमोर आल्या, म्हणून नाइलाजानं बरोबर. मोठ्या शहरात खोली शोधणं म्हणजे काय, ते त्या परत आल्या की मला ऐकायला मिळायचं. आता दोघी आपापल्या बाजूनं मला टेकून बसायच्या आणि माझ्या पोटातून बोलायच्या.

"त्या दुसऱ्या खोलीला खिडकी होती गं."

"होती ना. शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उघडणारी."

"आणि ती तिसरी? पलंग कुठाय विचारलं, तर म्हणे, मोरीवर फळी टाकायची."

"त्या आजोबांनी तर मला विचारलं, वाजवायचं म्हणजे ऐकू येईल असं वाजवायचं का?"

दोघी हसल्या. मग दगडू म्हणाली, "पिपाणी, खरं सांगू? तुझा तो लांब सूर आता मला लागतो. तो थांबला की कळतं, चहा ठेवायची वेळ झाली."

पलीकडून उत्तर आलं, "मग उद्या जरा जास्त लांब वाजवते."

पिपाणीच्या वर्षाच्या परीक्षेचा दिवस आला. अकरा वाजता तीन परीक्षकांसमोर वाजवायचं. हजर नसलं तर वर्ष वाया. घरून शेवटचं सांगितलेलं, यंदा पास नाही झालीस तर पिपाणी पेटीत आणि तू घरी. भाच्यानं नेमका तोच दिवस भिंतीसाठी निवडला. तारखा बघायची त्याला सवय नव्हती, तो फक्त जागा बघायचा.

सकाळी आठलाच विटा आल्या. मावशी गुडघे दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. हमालांनी विचारलं, "कुठं रचायच्या?" भाचा म्हणाला, "बोळात रचा. तिथे कुणाच्या पायात येणार नाहीत." आणि मित्रांनो, त्यांनी रचल्या. अरुंद बोळ, टोकाला पिपाणीचं दार, आणि ते दार उघडायचं बोळाच्या बाजूला. छातीइतकी उंच विटांची थप्पी त्या दाराला टेकवून हमाल निघून गेले. आत पिपाणी डोळे मिटून शेवटची तालीम करत होती. जगबुडी आली असती तरी तिला कळलं नसतं.

सव्वादहाला तिनं पेटी उचलली, दार ढकललं. दार हलेना. पुन्हा ढकललं. मग खांदा लावला.

"दगडू! माझं दार का उघडत नाही?"

दगडू धावत बोळात गेली आणि कपाळाला हात लावून परत आली. "पिपाणी, तुझ्या दारासमोर आख्खी भिंत आहे गं!"

भाचा विटा हलवायला धावला. बोळात एका वेळी एकच माणूस मावत होता. चौदाव्या विटेला त्याच्या कमरेतून 'कट' असा आवाज आला आणि तो होता तसाच वाकून राहिला. "तासाभरात होईल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. खिडकीला गज. खाली तीन मजले. आणि पिपाणीच्या खोलीतून, पहिल्यांदाच, क्लॅरिनेटचा नाही, हुंदक्याचा आवाज आला.

तेवढ्यात मावशी काठी टेकत आत आली. तिच्या मागोमाग तो तरुण सुतार, हातात विजेची करवत. मला कापायला आलेला.

मावशीनं एक नजर बोळात टाकली, एक वाकलेल्या भाच्यावर, एक माझ्यावर. टेलिफोनच्या कचेरीत तिनं कितीतरी अडलेल्या तारा मोकळ्या केल्या होत्या. तिचा आवाज एकदम तरुण झाला.

"सुतारदादा, करवत ठेवा खाली. पेचकस काढा. दगडू, मधल्या खणातले धोंडे बाहेर. पिपाणी, तू तुझ्या बाजूचे कपडे ओढून घे. आणि रडायचं नंतर, आधी परीक्षा."

दगडूनं आयुष्यात प्रथमच आपले दगड चिठ्ठ्यांसकट जमिनीवर ओतले. फळ्या निघाल्या. माझ्या पोटात सुतार शिरला आणि ज्या हातांनी त्यानं पडदा ठोकला होता, त्याच हातांनी स्क्रू काढू लागला. सहावा गंजलेला. साडेदहा वाजले. मी जीव मुठीत धरून, म्हणजे बिजागऱ्या घट्ट धरून उभा होतो. मित्रांनो, एवढं वय झालं, पण आपल्या पोटातून काहीतरी चांगलं बाहेर पडावं अशी इतकी तळमळ मला कधीच लागली नव्हती.

पडदा निघाला. पलीकडून आधी क्लॅरिनेटची पेटी आली. मग दोन हात. मग डोकं. मग वेणी खुंटीत अडकली.

"ओढ ना!"

"ओढते, पण तू आधी श्वास सोड! नेहमी तर मारे चार मिनिटं सोडतेस!"

वेणी सुटली आणि पिपाणी डोक्यावर भुसा, खांद्यावर दगडूचा दगड गुंडाळायचा एक लोकरी मोजा, अशी माझ्या पोटातून धप्पकन जमिनीवर आली.

"अगंबाई," मावशी म्हणाली, "कपाटाला मुलगी झाली!"

हसायला वेळ नव्हता. पिपाणी तशीच सुटली. तीन मजले ती उतरली की घरंगळली, मला सांगता येणार नाही. आवाज तर दोन्हींचा आला.

घरात पांगापांग झाली. भाच्याला खुर्चीवर टेकवला. दगडू खाली बसून आपले दगड गोळा करू लागली, आणि तिच्या हाताला ती उपडी पडलेली फळी लागली. मधल्या खणातली. मित्रांनो, माझी वेळ आली होती.

"मावशी, ह्याच्यावर काहीतरी लिहिलंय."

मावशीनं चष्मा लावला. वरच्या ओळीत मापं होती. भिंत, छत, झगा. आणि खाली, 'दार मुद्दाम मोजले नाही. लेकीला कुणी घराबाहेर काढू नये म्हणून.'

मावशी हळूच खाटेवर टेकली. चार हमाल, सागवानी चौकट, मालकांची मिशी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. "मुद्दाम?" ती पुटपुटली. "आणि मी जन्मभर हसले."

दगडूनं फळी उजेडाकडे धरली, तिरकी केली, नखानं अलगद खरवडली. ती दगड बघताना करते तसंच.

"मावशी, रागावणार नाही ना? वरची मापं व्हार्निशच्या खाली आहेत. म्हणजे आधीची. आणि ही 'मुद्दाम'वाली ओळ व्हार्निशच्या वर आहे. थर सरळ सांगतायत. हे काम संपल्यावर, मागाहून लिहिलंय."

मावशीच्या पोटातून असं हसू उसळलं की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे चुकलाच तो! आणि मी भाजीला गेले असताना चोरून सारवासारव करून ठेवली! अरे माझ्या बापा!"

ती हसत होती, रडत होती, आणि फळीवरून हात फिरवत होती. खरं सांगू? चुकूनच घडलं होतं सगळं. पण तिला घराबाहेर काढता आलं नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

तिनं डोळे पुसले आणि भाच्याकडे वळली. "ऐक. भिंत होणार नाही. कपाट कापलं जाणार नाही. आणि ह्या दोघी कुठेही जाणार नाहीत."

"अगं पण मावशी, एवढ्या विटा..."

"बोळाच्या कडेला दोन दोन विटा ठेव, वर त्या प्लायवूडची फळी टाक. दगडूचे धोंडे तिथे मांडू. कपाटाची कंबर मोडलीय त्या वजनानं."

"माझीपण मोडलीय," भाचा म्हणाला.

"मग कपाटाचं दुःख तुला लवकर कळेल."

दुपारी पिपाणी परतली. बोळाकडे वळलीच नाही. स्वयंपाकघरातून सरळ दगडूच्या खोलीत, तिथून वाकून माझ्या पोटात, आणि माझ्या पोटातूनच तिनं मान बाहेर काढून सांगितलं, "पास! परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. केसांत भुसा कसला?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या घराला कपाटाचं दार आहे."

मित्रांनो, तिथे नवा पडदा बसवायला तो तरुण सुतार आला होता, पण दोघींनी त्याला बसवू दिला नाही. त्याच्याकडून मधल्या खणात एक छोटीशी झडप करून घेतली, दोन्हीकडून कडी असलेली. भांडण झालं की दोन्ही कड्या लागतात. चहा झाला की दोन्ही निघतात. परवा तर एका कडीवरून भांडण झालं, तीच कडी उघडून. मावशी आता मला पुसताना जुन्या दोन ओळींना आणखी दोन जोडते.

दार मोजाया चुकला, त्याला हसू नका कोणी,
कपाटाच्या पोटातून ये-जा करती दोघी जणी.

तुम्हीही एक दिवस शिकायला मोठ्या शहरात जाल. भाड्यानं एखादी खोली घ्याल. तिच्यात एखादं कपाट, खाट, पाय डुगडुगणारं टेबल असेल. ते आपलं नाही, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून त्याचं दार लाथेनं लावू नका. त्यात कांदे तर मुळीच ठेवू नका. कुणीतरी कुणासाठी तरी ते केलेलं असतं, कधी कधी चुकीच्या मापानं. मला बघा. माझ्या बापाचं दार मोजायचं राहून गेलं, म्हणून इतकी वर्षं मी दारातून बाहेर जाऊ शकलो नाही. आता मला कुठे जायचंही नाही. दार मीच झालो आहे. तेवढं हळू लावा, म्हणजे झालं.